हलके पाय

"बाबा, आज पाय कसले हलके होते माहितीये? तुम्ही चढावर उभे दिसलात आणि अंगात बळच आलं!" घामाने निथळत लेक म्हणाली.

सायकलमिस्त्री बाप कसनुसा हसला. त्याचा उजवा हात अजून खिशातच होता.

शर्यत तिने जिंकली होती. तपासनिसाने तिची सायकल टेबलाशी घेतली, सीट उपसली आणि खालच्या नळीतून वीतभर मोटर बाहेर ओढली.

"ही माझी सायकल नाही," लेक म्हणाली. "बाबा, सांगा ना यांना. अदलाबदल झालीय कुठेतरी."

मिस्त्रीने खिशातलं रिमोटचं बटण काढून टेबलावर ठेवलं. "तिला काही ठाऊक नाही, साहेब. मीच बसवली. चढावर चालूही मीच केली."

"अहो, यावर कोण विश्वास ठेवेल?" तपासनीस म्हणाला, पण हळू आवाजात.

गेल्या वर्षी ती पडली, गुडघा दुखावला, आणि तेव्हापासून प्रत्येक शर्यतीत मागेच. भरल्या ताटावरून उठून जायची. सायकल विकून टाका, म्हणायची. जन्मभर लोकांच्या सायकली सरळ करणाऱ्या बापाला पोरीचं हे दुखणं काही सरळ करता येईना. एकदा जिंकली की उभारी धरेल, मग गुपचूप काढून टाकू, असं त्याच्या मनाने घेतलं.

परतताना टेम्पोत ती बाहेर बघत होती.

"पुलावरची शर्यत?"

"नाही गं. तेव्हा नव्हती."

"शाळेतली?"

"तुझी शपथ. ही एकदाच."

"आता मला कसं कळणार, बाबा?"

तिच्यावर बंदी आली. तिने एका दवाखान्यात नोकरी धरली आणि घरातल्या जुन्या सायकलवरून ये-जा करू लागली. घरात बोलणं म्हणजे 'चहा ठेवलाय', 'किल्ली घ्या', एवढंच.

गिऱ्हाइकं थट्टा करत, "मिस्त्री, आम्हालाही एक मोटर बसवा की!" तो खाली मान घालून चेन पुसत राही.

एका संध्याकाळी ती सायकल हाताने ढकलत येताना दिसली. मागचं चाक पार बसलं होतं. मिस्त्री लगबगीने उठला. घमेल्यात ताजं पाणी ओतलं, तिच्यासाठी स्टूल पुसून बाहेर ठेवलं.

ती दुकानावरून पुढे गेली. रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात तिने सायकल टेकवली, आणि पंक्चर निघेपर्यंत त्या माणसाच्या हातांवरची नजर काढली नाही.

मिस्त्रीने स्टूल आत घेतलं.