पायांतून उतरलेलं विष

"अगं बाई, बघा बघा, निघालं!"

पहिल्या रांगेतली बाई ओरडली आणि दीडदोनशे माना एकदम पुढे झाल्या. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. बंद पडलेल्या सिनेमागृहाचं ते स्टेज. पडदा कधीच फाटलेला, आणि त्याच्यापुढे ओळीनं मांडलेले सहा प्लास्टिकचे टब. प्रत्येक टबात कुणाचे ना कुणाचे पाय, पायांशी एक जाळीची डबी, आणि प्रत्येक डबीतून निघालेली वायर मागच्या काळ्या पेटीत गेलेली. मधल्या टबातलं पाणी आधी पिवळट झालं, मग तपकिरी, आणि बघता बघता गटाराच्या पाण्यासारखं दिसायला लागलं. वर घाणेरडा फेस.

"सोळा वर्षं!" निर्मळगुरू कुजबुजले. कुजबुजायचं आणि तेही माईकवर, ही त्यांची खासियत. "सोळा वर्षं हे विष या लेकराच्या रक्तात दबा धरून बसलं होतं. कॅन्सरचं औषध! डॉक्टर म्हणाले, मुलगी बरी झाली. अहो, बरी झाली तर मग तिला दम का लागतो? सांगा, का लागतो?"

का लागतो ते कुणाला माहीत?

'लेकरू' तेवीस वर्षांचं होतं आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होतं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा सलाइनचा स्टँड ढकलत ती वॉर्डभर गरागरा फिरायची, तेव्हापासूनचं हे नाव. ही भिंगरी आता मधल्या टबात पाय बुडवून मान खाली घालून बसली होती. तिसऱ्या रांगेत तिची आई पदरानं डोळे पुसत होती आणि आईच्या शेजारी तिचा मामा नाक वर करून हुंगत होता.

मामाचं नाक ही साधीसुधी चीज नव्हे. तीस वर्षं त्यानं प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. नळाच्या तोट्या, कड्या, बिजागऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायच्या, करंट द्यायचा आणि त्यांच्यावर चकाकी चढवायची, हा त्याचा धंदा. कुठल्या टाकीत काय बिनसलंय ते तो दारातूनच सांगायचा. आणि इथे, या पवित्र की काय म्हणतात त्या जागी, त्याला ओल्या गंजाचा वास येत होता. थेट आपल्या वर्कशॉपसारखा.

'च्यायला,' मामा मनात म्हणाला, 'हा तर आमच्याच धंद्यातला निघाला!'

ताईच्या, म्हणजे भिंगरीच्या आईच्या, आग्रहामुळेच तो आला होता. "एकदा डोळ्यांनी बघ, मग बोल," असं तिनं बजावलं होतं. म्हणून तो बघत होता. सुरुवातीला गुरूंनी स्वतःचे पाय टबात ठेवले होते. दहा मिनिटं वायर लावून बसले, पाणी काचेसारखं स्वच्छ! लोकांनी टाळ्या वाजवल्या. "शुद्ध देहातून काय निघणार?" गुरू म्हणाले होते. पण मामाला आठवलं, त्या पाण्यात एक बुडबुडासुद्धा उठला नव्हता. गुरू उठले, शिष्यानं सगळ्या टबांत मूठमूठ 'ऊर्जास्फटिक' टाकले, लोकांचे पाय आत गेले, आणि मग कुठे पाणी फसफसायला लागलं.

भिंतीवर रंगांचा तक्ता होता. तपकिरी म्हणजे यकृतातलं, काळं म्हणजे औषधांचं, फेस म्हणजे मनात साठलेला राग. एका आजोबांच्या टबात फारच फेस आला तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "मी लग्नापासून सांगतेय." सगळे हसले. मामाही हसला. पण ते हसू फार टिकलं नाही.

भिंगरीनं पाय बाहेर काढले. घोट्यांपाशी दोन्ही पाय सुजलेले होते. गुरूंनी अंगठ्यानं दाबलं, खळगा पडला आणि तसाच राहिला.

"वा!" गुरू खूश झाले. "पाहिलंत? छातीतलं विष खाली उतरलं. आता फक्त पायांतून काढायचं बाकी. उद्याची बैठक झाली की मुलगी मोकळी. आणि त्या हृदयाच्या गोळ्या बंद आहेत ना, आई?"

"हो," ताई म्हणाली. "महिना झाला."

मामानं मान वळवून ताईकडे बघितलं. महिना? आणि आपल्याला कुणी बोललंसुद्धा नाही?

रिक्षात त्यानं भांडण काढलं. ताईऐवजी भिंगरीच म्हणाली, "मामा, मला पण वाटलं होतं रे, सुटेन म्हणून. रोज सकाळी ती गोळी घेतली की आठवतं, आपण आजारी होतो." मग दोन मजले चढताना ती तीनदा थांबली. शेवटच्या पायरीवर तर बसलीच. मामा तिच्या शेजारी बसला आणि तिथूनच त्यानं हॉस्पिटलमध्ये फोन लावला. लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांना पुढे तपासत राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो उचलला.

"गोळ्या बंद?" बाईंचा आवाज चढला. "कुणी सांगितलं? सूज आहे? दम लागतोय? अहो, आत्ताच्या आत्ता घेऊन या तिला!"

"बाई, एक सांगा. ते जुनं औषध खरंच अजून अंगात आहे का?"

"औषध केव्हाच बाहेर गेलं. त्यानं कॅन्सर मारला, पण जाता जाता हृदयाचे स्नायू थोडे दुबळे केले. सगळ्यांचे होत नाहीत, काहींचे होतात, आणि कधीकधी ते वर्षांनी कळतं. विस्तव विझला तरी भाजल्याचा चट्टा राहतो ना, तसं. आता चट्टा काय पाय धुऊन निघतो का? गोळ्यांनी हृदयावरचा ताण कमी होतो. पायाला सूज येते ती हृदयाला काम झेपत नाही म्हणून. विष उतरलं म्हणून नव्हे!"

मामानं फोन ठेवला. माणूस पैशासाठी फसवतो, हे त्यानं बाजारात खूप पाहिलं होतं. पण मुलीचं हृदय थकत चाललंय, पाय सुजलेत, आणि त्या सुजेवर अंगठा रोवून हा माणूस 'वा' म्हणतो? शी! थुंकावं तरी कुठे अशा माणसावर?

पण ताई ऐकेना. "उद्या शेवटची बैठक. एवढं झालं की नेऊ हॉस्पिटलात. तुला काय कळतं? डोळ्यांनी पाहिलंस ना पाणी?"

"पाहिलं. म्हणूनच सांगतोय."

"अर्धवट सोडलं तर विष उलटतं, असं गुरू म्हणालेत."

झालं! फासाची गाठसुद्धा मारून ठेवलेली. भिंगरीला उचलून न्यावं, तर ती आईला सोडून यायला तयार नाही. शेवटी मामा म्हणाला, "ठीक आहे. सकाळी आठची बैठक, तिथून थेट हॉस्पिटल. पण मी बरोबर येणार, आणि माझं सामान घेऊन येणार."

सामान म्हणजे एक बादली, गाडीची जुनी बॅटरी, खिसाभर मीठ आणि दोन जोड पट्ट्या: एक लोखंडाची, एक तांब्याची.

सकाळी हॉल पुन्हा भरला. गुरूंनी पाय ठेवले, पाणी स्वच्छ, टाळ्या. ते उठायला लागले तसा मामा उभा राहिला.

"गुरुजी, थांबा की जरा! ते स्फटिक टाकू देत, मग अजून दहा मिनिटं बसा. आम्हालाही बघू दे, शुद्ध देहाचं पाणी कसं राहतं ते."

"शंकेखोर मन..." गुरू कुजबुजले.

"कुजबुजू नका, मोठ्यानं बोला. बसता का?"

"माझ्या ऊर्जेनं यंत्र जळेल."

"मग काल कसं जळलं नाही?" मागून कुणीतरी विचारलं. दोघेतिघे हसले. गुरूंचे पाय काही पुन्हा पाण्यात गेले नाहीत.

मामानं बादली स्टेजच्या काठावर ठेवली. नळाचं पाणी, त्यात मीठ. त्यातलं चिमूटभर त्यानं पहिल्या रांगेतल्या बाईला चाखायला दिलं, आणि मग त्या 'ऊर्जास्फटिका'चाही एक खडा तिच्या हातावर ठेवला. बाईनं चाखला आणि तोंड वाकडं केलं. "मीठच की हो हे!"

"मीठच. मिठाशिवाय पाण्यातून करंट नीट जात नाही. गुरुजी बिनमिठाच्या पाण्यात बसतात आणि तुम्हाला मिठाच्या पाण्यात बसवतात. शुद्धता एवढीच." मामानं लोखंडाच्या पट्ट्या बादलीत सोडल्या आणि बॅटरीच्या वायर लावल्या. "आता या बादलीत कुणाचे पाय आहेत?"

"कुणाचेच नाहीत," बाई म्हणाली.

पाणी पिवळट झालं, मग तपकिरी. वर फेस आला. तोच तो घाणेरडा फेस. कुणी खुर्चीवर चढलं नाही. सगळे नुसते बघत राहिले.

"या हॉलच्या हवेत विष आहे!" गुरू एकदम मोठ्यानं बोलले. कुजबूज पार पळाली. "इतक्या रोग्यांचं विष! तेच बादलीत उतरलं!"

"असेल बुवा," मामानं बादली रिकामी केली, नवं पाणी, नवं मीठ, आणि या वेळी तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. "हवा तीच, माणसं तीच."

पाणी हिरवट होत गेलं.

"आता हवेचं विष हिरवं झालं का हो? लोखंड घाला, तपकिरी मिळेल. तांबं घाला, हिरवं. विषाचा रंग कुठला पाहिजे ते सांगा, ऑर्डर घेतो! अहो, माझा धंदाच आहे हा. करंट दिला की पट्टी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. तुमच्या टबातली ती जाळीची डबी उघडून बघा. आत पट्ट्या आहेत, पार झिजून गेलेल्या."

शिष्य डबी उचलायला धावला, पण काल फेसाचं पाणी बघून बायकोची बोलणी खाल्लेल्या आजोबांनी ती आधीच उचलली. उघडली. आतून गंजलेली, कुरतडलेली पट्टी निघाली. "हा माझा राग?" आजोबा म्हणाले.

तरी ताई बसून होती. ओठ घट्ट मिटलेले. "पाय नसताना होतं, मान्य," ती हळूच म्हणाली. "पण पायांतूनही निघत असेल ना थोडं?"

तेव्हा भिंगरी उठली. धापा टाकत स्टेजवर गेली आणि गुरूंच्याच टबात मूठभर 'ऊर्जास्फटिक' टाकून त्यात आपले सुजलेले पाय बुडवून बसली.

"मामा, आता उलटं कर. पाय आहेत, मीठ आहे. फक्त वायर काढ."

मामानं वायर काढली. सगळा हॉल त्या टबाकडे बघत बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पंधरा. टबाच्या तळाशी तिची दहाच्या दहा बोटं स्पष्ट दिसत होती.

"माझ्या पायांत काही नाही गं, आई," भिंगरी म्हणाली. "नुसती सूज आहे."

गुरू 'अविश्वासानं सत्र बिघडलं' असं काहीतरी पुटपुटत विंगेत गेले. निम्मे लोक उठले. निम्मे बसूनच राहिले, खोटं कशाला सांगू? एक माणूस तर मामालाच म्हणाला, "तुमचं खरं असेल हो, पण मला बरं वाटत होतं."

दुपारी भिंगरी हॉस्पिटलच्या खाटेवर होती. बाईंनी मशीन लावून हृदय तपासलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. महिन्याभरात ते आणखी दुबळं झालं होतं. "गोळ्या पुन्हा चालू. बरंचसं भरून येईल असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "सगळं येईल, असा शब्द मी देत नाही."

बाई गेल्यावर ताईचा बांध फुटला. "मीच केली होती सही," ती म्हणाली. "सोळा वर्षांपूर्वी, औषध चालू करायच्या कागदावर. त्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारलं, हे विष हिच्या अंगात घालायला परवानगी कुणी दिली? मला वाटलं, मी घातलंय, तर मीच काढायला हवं."

म्हणजे त्या नीच माणसानं पायांच्या आधी या बाईच्या काळजाला हात घातला होता. मुलीला वाचवलं, हाच तिचा गुन्हा ठरवला होता. मामाला इतकी शिसारी आली की तो उठून खिडकीशी गेला.

भिंगरीनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "आई, तू सही केली नसतीस ना, तर आज दम लागायला मीच नसते."

ताई उठली आणि गोळीचं पाकीट फोडून पाण्याचा पेला पुढे केला.

गुरूंनी दुसऱ्या गावात टब मांडले आहेत, असं ऐकू येतं. तिथे तक्त्यात हिरवा रंगही घातलाय म्हणे! अशी माणसं संपत नाहीत, कारण अर्धं खरं नेहमी त्यांच्या हाताशी असतं. औषधाचा परिणाम मागे राहू शकतो, हे खरंच आहे. म्हणून तर तपासत राहायचं, कुठली औषधं दिली होती त्याचा कागद जपायचा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. ज्या आईनं सही केली तिनं लाज बाळगायची नाही. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर दिपून जाण्याआधी एवढंच विचारायचं: माणूस बाजूला काढला तरी हे असंच होतं का? करून दाखवा. आत्ता, आमच्यासमोर.