उजळबाबाचं काळं फडकं

साखरा गावच्या शाळेमागं त्या दुपारी शे-दीडशे माणसं बसली होती आणि घरटी एकाच्या मांडीवर आपापल्या मोटारसायकलच्या इंजिनाचं झाकण होतं. तेलानं लुगडी बरबटली होती, पण फिकीर कुणाला! "घरची पीडा घरच्या गाडीत बसते," असं उजळबाबानं सांगून ठेवलं होतं. "झाकण खोलून आणा. पीडा मी काढतो."

बाबा झाकणावर चिमूटभर भस्म टाकी आणि पांढऱ्या फडक्यानं घाशी. बघता बघता फडकं काळंकुट्ट आणि मळकट झाकण चांदीसारखं लख्ख!

"काळं हट, रोग फट! बघा, निघून राहिला रोग! आता गोळी बंद, सुई बंद!"

यमक जुळलं की आपली माणसं हात जोडतातच.

मी प्रेमाला शोधत आले होते. आमची भिंतीला भिंत. तिच्या नऊ वर्षांच्या अनुश्रीला दोन वर्षांपासून शुगर, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. बाबाच्या शब्दावर चार दिवस ते बंद होतं. सकाळपासून भिंतीपलीकडून पोरीच्या उलट्या ऐकू येत होत्या. मग आवाज थांबला, घराला कुलूप दिसलं आणि मी धावतच निघाले.

अनुश्री आईच्या मांडीवर पडली होती. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि धापेचा.

"प्रेमा, ऊठ. हिंगोलीला दवाखान्यात चल."

"कमरभाभी, आता आमचाच नंबर हाय. चार दिवस झाले, फडकं काळंच निघून राहिलं. पांढरं निघालं की पोरगी बरी, म्हणले बाबा."

मी तिच्या नवऱ्याकडं वळले. "पिंटूभाऊ, गाडी काढा."

त्यानं हातातलं झाकण दाखवलं. रडू आवरत म्हणाला, "कशी काढू, भाभी? इंजिन उघडं पडलंय. तेल समदं सांडलं."

मी आजूबाजूला पाहिलं. एवढी माणसं, पण चालती गाडी एकाचीही नाही.

तेवढ्यात त्या भस्माचा वास आला. आमचे घरधनी चाँद पाशा मेकॅनिक. बुलेटवाल्या पोरांची झाकणं बारा वर्षं मीच घरी ओट्यावर बसून चमकवते. आधी पाणी लावून वॉटर पेपरनं घासायचं, मग पॉलिशची वडी, मग फडकं. बाबाचं भस्म म्हणजे तीच वडी, कुटलेली!

मी पुढं झाले. बाबापुढं पाण्याचा तांब्या होता, जर्मनचा, म्हणजे त्या झाकणांसारखाच ॲल्युमिनियमचा.

"बाबा, तुमाला काही रोग?"

"आम्ही निर्मळ, माई!"

मी कोरं फडकं घेतलं, भस्म लावलं, तांब्या घासला. फडकं काळं. जागा बदलून पुन्हा घासला. पुन्हा काळं.

"अगागा! बाबालाबी शुगर!" मागून गावातला गुलाबसिंग ओरडला. दोघं-तिघं हसले. प्रेमा हसली नाही.

मी तिच्यापुढं बसले. "हा रोग न्हाई गं. हा धातूचा चुरा हाय. वरचा कळकट थर निघाला की खालचं चकाकतं, अन् निघालेला चुरा इतका बारीक की काळा दिसतो. जन्मभर घास, फडकं पांढरं निघणार न्हाई. झाकण झिजून संपंल, प्रेमा. पोरगी त्याच्या आधी संपंल."

तिनं तांब्या ओढून घेतला. स्वतः घासला. काळ्या बोटांकडं पाहत राहिली आणि एकदम किंचाळली, "अहो, उठा ना!"

पिंटू उठला तो थेट बाबापुढं गेला. "झाडाखाली तुमची जीप हाय. तिचं इंजिन काहून न्हाई खोललं?"

"ती देवाच्या कामाची—"

"हे बी देवाचंच काम हाय. चावी द्या."

बाबानं आधी गर्दीकडं पाहिलं, मग चावी दिली. जीप पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, इन्सुलिन चालू केलं. पहिला दिवस पोरगी कुणाला ओळखेना. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून आईला विचारलं, "माझी सुई दिली का?"

चार दिवस त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' होतं, आणि ते देणारी माणसं तिच्यावर जिवापाड माया करणारी होती. म्हणून सांगते, बायांनो, भावांनो, कुणी चमत्कार दाखवला तर तो आपल्या हातानं करून बघा. माझंही खरं मानू नका, पारखून घ्या. पण पारख होईपर्यंत लेकराचं औषध एक दिवससुद्धा थांबवू नका.