लिफ्टवाल्या काकांची मोटारसायकल टेकडी चढते

मित्रांनो, लोक ज्या गाडीकडे बोट दाखवून 'खटारा' म्हणतात, ती जुनी मोटारसायकल मीच. म्हणू द्या. माझा रंग उडाला आहे, टाकीवर पोचा आहे आणि आरशाची काच कोपऱ्यात तडकलेली आहे. पण आवाज ऐका माझा. भल्याभल्या नव्या गाड्या सकाळी कुरकुर करतात, मी मात्र दुसऱ्या किकला बोलते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडीशी बढाई आहे त्यात, पण या वयात तेवढी चालायचीच.

माझा जन्म कारखान्यातला. एकीकडून सांगाडा आला, दुसरीकडून इंजिन आलं, कुणी चाकं बसवली, कुणी दिवा लावला. दुकानातल्या काचेमागे मी चकचकत उभी होते तेव्हा माझा नुसता थाट होता. एखादा ऐटबाज तरुण येईल आणि मला मिरवायला नेईल, असं मला वाटत होतं. आले ते एक सडपातळ, गंभीर गृहस्थ. त्यांनी माझ्या रंगाकडे बघितलंच नाही. खाली वाकून चेन बघितली, टायर दाबले आणि मागचा कॅरिअर किती वजन पेलेल एवढंच विचारलं. माझा तर हिरमोडच झाला.

ते गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. माझ्या कॅरिअरवर अवजारांची पेटी आणि हँडलला तारेचं भेंडोळं, अशी माझी नोकरी सुरू झाली. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट मधेच अडकली की काकांना फोन यायचा, आणि मग आम्ही दोघं सुटायचो. आत माणसं घामाघूम झालेली असायची. एकदा एक बाई बाहेर आल्या आणि काकांचे आभार मानायच्या ऐवजी माझ्या सीटवरच बसल्या. जरा वेळाने त्यांनी माझ्या टाकीवर थोपटलं आणि म्हणाल्या, "वेळेवर आलीस गं बाई." तेव्हापासून मिरवण्याचं खूळ माझ्या डोक्यातून गेलं ते गेलंच.

काकांचा हात मोठा शिस्तीचा. पेट्रोलची तोटी बंद केल्याशिवाय त्यांनी मला कधी उभं केलं नाही. पाऊस असो की ऊन, सकाळी निघण्याआधी ते माझ्याभोवती एक फेरी मारत, जसा डॉक्टर वॉर्डात मारतो. पण वय माणसालाही सोडत नाही. काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला. किक मारताना त्यांचा चेहरा पिळवटायचा. एक दिवस त्यांनी मला जिन्याखाली लावलं, माझ्यावर जुनी चादर घातली आणि ते कठडा धरून वर गेले. नंतर ते निवृत्त झाले, आणि मीही.

जिन्याखालचे दिवस काही चांगले नव्हते. टायर बसले. हॉर्नमध्ये कोळ्याने बिऱ्हाड केलं. काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, माझ्या हँडलवर फरशी पुसायचं फडकं वाळत घालायच्या. पाण्याचं मीटर बघायला येणारा माणूस माझ्यावर कोपर टेकून आकडे टिपायचा. भंगारवाला दारावरून ओरडत गेला की काकू खिडकीतून खाली माझ्याकडे बघायच्या.

"किती दिवस ठेवायची ती?" त्या विचारायच्या.

"असू दे गं," काका म्हणायचे. याच्या पलीकडे माझी वकिली कुणी केली नाही.

केली शेवटी त्यांच्या मुलीने. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी ती एका जागी बसायचीच नाही. आता ती परिचारिका आहे. दवाखान्यात एक आजोबा तिच्या वॉर्डात होते. पाठीला जखम. बरी होत आली म्हणून त्यांना घरी सोडलं, आणि महिन्याभरात ते परत आले, जखम चिघळून. घर टेकडीवरच्या वस्तीत, वर बस जात नाही, पट्टी बदलायला कुणी फिरकलं नव्हतं. भिंगरी त्या दिवशी जेवली नाही. त्यानंतर दवाखान्यात घरोघरी जाऊन रुग्ण बघणारी परिचारिका नेमायचं ठरलं. अट एकच होती: टेकडी चढेल अशी स्वतःची गाडी हवी आणि ती नीट चालवता यायला हवी. मेट्रनबाई, म्हणजे तिथल्या मुख्य परिचारिका, स्वतः मागे बसून परीक्षा घेणार होत्या.

"बाबा, मला खालची गाडी द्या," भिंगरी म्हणाली. तिला तोपर्यंत सायकलसुद्धा धड येत नव्हती.

काकांनी चादर काढली. मित्रांनो, तो उजेड मला अजून आठवतो. नवं ऑइल, नवे टायर, साफ केलेला कार्ब्युरेटर. कोळ्यालाही सन्मानाने बाहेर काढण्यात आलं. आणि मग सुरू झाली शिकवणी.

गोदामामागच्या मोकळ्या मैदानात भिंगरी मला चालवायची आणि काका मागून लंगडत धावायचे. तिचे प्रश्न संपत नसत. क्लच सोडला की गाडी बंद का पडते? पुढचा ब्रेक दाबायचा की मागचा? सकाळी चोक ओढायचा तो किती वेळ? वळताना भीती वाटली तर बघायचं कुठे? प्रश्न चांगलेच होते. मी जर बोलू शकले असते तर सांगितलं असतं, क्लच अर्ध्यावर आला की मी थरथरते, तिथे जरा थांब. दोन्ही ब्रेक लाव, पण आचका देऊ नकोस. वळताना खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यातच जाशील, जायचंय तिकडे बघ. काकाही हेच सांगत होते, पण सगळं एकदम आणि ओरडून.

"क्लच! अगं क्लच! गिअर खाली घे, खाली! समोर बघ, खाली काय बघतेस?"

भिंगरी गोंधळायची आणि मला बंद पाडायची. एकदा तर तोटी उघडायलाच विसरली. मी उरल्यासुरल्या पेट्रोलवर चार पावलं गेले आणि थांबले. ती किक मारमारून घामाघूम झाली. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "साधी तोटी बघता येत नाही, आणि ही टेकडी चढणार."

भिंगरीने मला स्टँडवर लावलं. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, तुम्ही बोलायला लागलात की माझे हात थिजतात. मला चुकू द्या ना जरा. तुम्ही बोलणार असाल तर मला नाही शिकायचं."

काका मैदानाच्या कडेला जाऊन बसले. मग म्हणाले, "बरं. नाही बोलत."

मला वाटलं, राग आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. पण लिफ्टवाल्या काकांनी शब्द दिला की दिला. त्या दिवसापासून ते मैदानाच्या कडेला दगडावर बसायचे आणि तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. ते बघून माझाच जीव कासावीस व्हायचा. भिंगरी चुकायची, थांबायची, स्वतःशी पुटपुटायची आणि पुन्हा सुरू करायची. पण खरं सांगते, आता मी कमी वेळा बंद पडू लागले.

एकदा मात्र मोठी आफत येणार होती. माझा मागचा ब्रेक चिरकत होता. भिंगरीने तेलाची कुपी आणली. चिरकणाऱ्या दाराच्या बिजागरीला तेल घालतात, तसं ब्रेकलाही घालू, असा तिचा हिशेब. ती कुपी घेऊन वाकली आणि दगडावरून काकांना जबरदस्त खोकला आला. इतका की ती दचकून थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. काका आभाळाकडे बघत होते. भिंगरीने कुपीकडे पाहिलं, ब्रेककडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तेल लागलं तर तो धरणार कसा?" कुपी खाली गेली. ब्रेकमधली धूळ झाडली तेव्हा चिरकणं थांबलं. काकांचा खोकलाही थांबला.

परीक्षेचा दिवस उजाडला. भिंगरी पहाटेच खाली आली होती. सगळं स्वतः तपासायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. टायरची हवा बघितली, ऑइल बघितलं, दिवे लावून बघितले. मग तिला माझी चेन लोंबते आहे असं वाटलं. मी मोठ्या स्टँडवर होते. मागचं चाक अधांतरी, सीटवर कुणी नाही. चेन बोटाने दाबली की जरा खाली-वर होत होती, आणि तशीच ती व्हायला हवी. पण नव्या माणसाला सैल गोष्ट बघवत नाही. तिने पाना लावला, नट फिरवले आणि चेन अशी ताणून बसवली की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. हात पुसत ती समाधानाने हसली. माझं मात्र धाबं दणाणलं. टेकडीच्या चढावर मागे वजनदार मेट्रनबाई बसल्या की मागचं चाक वर दबणार, चेन आणखी ताणणार, आणि मग ती तुटली तर त्या दोघींचं काय?

काका चहाचा कप घेऊन जिन्यात आले. त्यांची नजर सवयीने चेनवर गेली आणि तिथेच खिळली. त्यांचे ओठ हलले. मी म्हटलं, बोला आता, काका, आता तरी बोला. भिंगरीने मला स्टँडवरून खाली घेतलं, हँडल धरलं. काका एकदा खोकले. ती आपल्याच तंद्रीत होती.

"थंडी बाधली का तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली.

तेव्हा काकांनी कप पायरीवर ठेवला. भिंतीला धरून ते माझ्याजवळ आले, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या मागच्या सीटवर चढून बसले. चढताना त्यांचा श्वास अडकला. माझ्या सीटला तो कळला.

"हे काय, बाबा? तुम्हाला नाही न्यायचं, मेट्रनबाईंना न्यायचंय."

काकांनी मागचा कॅरिअर घट्ट धरला. ओझं बसावं तसे ते नुसते बसून राहिले. भिंगरीने मला जरासं पुढे ढकललं आणि चेन करकरली. ती थांबली. पुन्हा ढकललं, पुन्हा करकर. मग तिने हँडल एका हाताने धरून वाकून चेनला बोट लावलं. चेन हलेना.

भिंगरी तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, "माणूस बसला की ही ताणते. मी रिकाम्या गाडीवर ओढून ठेवली. चढावर तुटलीच असती ना?"

काकांनी मान डोलावली.

"उतरू नका. बसून राहा जरा, मी बघते."

काका बसलेले असतानाच तिने चेन किती ताणते ते नीट पाहून घेतलं. मग त्यांना हात देऊन उतरवलं, मला स्टँडवर घेतलं आणि नट सैल केले. मला खाली घेऊन पुन्हा काकांना बसवलं, पुन्हा बोट लावलं. आता चेन थोडी हलत होती. नट घट्ट करून तिने मागचा ब्रेकही तपासला, कारण चाक सरकलं की त्याची पकड बदलते, हे तिचं तिलाच सुचलं. काकांनी कप उचलला. चहा गार झाला होता, पण ते तो चवीने प्यायले.

मेट्रनबाई अंगाने भारी आणि बोलायला कमी. त्या मागे बसल्या तेव्हा माझे शॉक अॅब्सॉर्बर पार खाली गेले. बाजार ओलांडून आम्ही टेकडीला लागलो. अर्ध्या चढावर पुढे पाण्याचा टँकर थांबला. भिंगरीला थांबावं लागलं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं, मित्रांनो, हीच नव्या माणसाची खरी कसोटी. तिने मागचा ब्रेक दाबून धरला. टँकर हलला. तिने क्लच सोडत आणला, मी थरथरले, तिला ते कळलं, तिने थोडा वेग दिला आणि मग ब्रेक सोडला. मी एक इंचही मागे सरकले नाही. चेनवर सगळा भार आला आणि तिने तो निमूट ओढला.

वस्तीच्या टोकाशी पोचल्यावर मेट्रनबाई उतरल्या. पदर सावरत म्हणाल्या, "टँकरपाशी मी डोळे मिटले होते. कधी सुटलो ते कळलंच नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "इथं आलोच आहोत, तर पहिला रुग्ण आत्ताच बघून घ्या."

पहिला रुग्ण म्हणजे तेच आजोबा, दवाखान्यातून पुन्हा घरी सोडलेले. दार उघडंच होतं. खिडकीशी लावलेल्या खाटेवर ते कुशीवर पडले होते. मी बाहेर उभी होते, पण सगळं ऐकू येत होतं. भिंगरीने पट्टी सोडली, जखम धुतली, नवी पट्टी बांधली. आजोबांनी दात आवळले, पण ते ओरडले नाहीत. ती निघताना त्यांनी विचारलं, "आता पुन्हा कधी येशील, पोरी?"

त्यांच्या आवाजात आशा कमी होती. आधीही बरेच जण 'येतो' म्हणून गेले असावेत.

"उद्या," भिंगरी म्हणाली. मग बाहेर येऊन ती माझ्याजवळ वाकली, टायर दाबून बघितले, चेनला बोट लावलं आणि खिडकीकडे तोंड करून पुन्हा म्हणाली, "उद्या नक्की येते, आजोबा."

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, शिवणयंत्र असेल, तर त्याच्याकडे रोज एकदा वाकून बघत जा. तेल कमी आहे का, नट ढिला आहे का, कुठे काही जास्तच ताणलं आहे का, ते बघा. आमच्यावर उपकार म्हणून नाही. तुम्ही कुणाला तरी 'येते' म्हणून सांगितलेलं असतं, आणि ते माणूस खिडकीशी पडून आमच्या आवाजाची वाट बघत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडी चढले तेव्हा आजोबांनी खिडकीचं दार आधीच ढकलून ठेवलं होतं.