यू आर ग्रँड

"कोन्या बाजूनं टाकशीन तू?" गाडीतून उतरता उतरता बाबांनी विचारलं.

नरेश डिकीतून किटबॅग काढत होता. "कायले बाबा?"

"अरे, म्हंजे खुर्ची त्याच्या समोर ठेवतो. मांगून पाहून काय समजते? येनारी गाडी समोरूनच समजते."

पुरुषोत्तम इंगोल्यांनी उभी हयात अकोला डेपोत एसटी चालवण्यात घालवली होती, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते काचेतून समोर पाहिल्यासारखी पाहत. जुलै महिना असूनही अंगात स्वेटर, गळ्यात मफलर आणि एका काखेत घडीची खुर्ची, असा त्यांचा थाट होता. आयर्लंडला यायच्या आधी त्यांनी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. डाव्याचं नंतर पाहू म्हणाले. "पोराचा खेळ पाहाले नवा डोया करून चाललो," असं त्यांनी डॉक्टरांपासून विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं.

कारण पोराचा खेळ त्यांनी आजवर कधी पाहिलाच नव्हता. रणजीचे सामने हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात यात्रा, लग्नं, सहली. ड्रायव्हरला रजा कोण देतो? "टीव्हीवर दिसशीन तवा पाहीन," असं ते म्हणायचे, आणि ते अगदीच हवेतलं बोलणं नव्हतं. नरेशची ऑफस्पिन तेव्हा विदर्भात गाजत होती. एका मोसमात तर त्याने भल्याभल्यांना नाचवलं, भारत अ संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं, आणि अकोल्याच्या पेपरात त्याचा फोटो आला. डेपोच्या कँटीनमध्ये तो फोटो किती तरी वर्षं चिकटवलेला होता.

शिबिरातच कुणी तरी म्हणालं, या पोराचा हात कोपरात वाकतो. तपासणी झाली. हात खरंच वाकत होता. असा चेंडू टाकणं नियमाबाहेर, म्हणून बंदी आली, मग हात सरळ करायची शाळा सुरू झाली. वर्षभर घासून घासून नरेशने हात सरळ केला. पंचांनी शाबासकी दिली, फक्त चेंडू वळेनासा झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; नरेशचं नेमकं उलटं झालं. सुंभ शाबूत राहिला आणि पीळ तेवढा गेला.

त्यानंतर आयपीएलच्या एका संघाने त्याला घेतलं. तेव्हा मात्र तो टीव्हीवर दिसला. अख्खा डेपो टीव्हीसमोर गोळा झाला असताना नरेश अंगात फ्लोरोसंट बनियन चढवून, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावत गेला आणि धावत परत आला. पूर्ण मोसम त्याने तेवढंच केलं. बापलेक त्याविषयी कधीही बोलले नाहीत.

मग डब्लिनच्या एका क्लबाचं बोलावणं आलं. इथले क्लब उन्हाळ्यापुरता बाहेरचा एक व्यावसायिक खेळाडू आणतात आणि त्याला 'प्रो' म्हणतात. प्रोने शनिवारी सामने जिंकून द्यायचे आणि एरवी क्लबच्या पोरांना शिकवायचं. पहिल्याच सरावात नरेशने इतका वेळ गोलंदाजी केली की कप्तान हसत म्हणाला, "यू आर ग्रँड, प्रो, यू आर ग्रँड." नरेशची छाती फुगली. त्याने आणखी जोरात टाकायला सुरुवात केली. कप्तान पुन्हा तेच म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने अकोल्याला फोन लावला. "बाबा, कप्तान मले ग्रँड म्हणाला." दुसऱ्या दिवशी डेपोत पेढे वाटले गेले.

त्याचा अर्थ 'पुरे आता, काही गरज नाही' असा होतो, हे त्याला महिन्याभराने उमगलं. आयरिश माणसाला तोंडावर 'नको' म्हणणं जमत नाही, तो 'यू आर ग्रँड' म्हणतो. पण तोवर पेढे खाऊन झाले होते. वाटलेले पेढे परत कसे मागायचे?

पुढे नागपूरच्या रेवतीशी लग्न झालं, तिला इथेच औषधांच्या कारखान्यात नोकरी मिळाली, डब्लिनच्या ल्यूकन उपनगरात घर झालं, स्वानंदी झाली. क्लबाने नवा प्रो आणला, मग त्याच्याहून नवा. विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला त्या दिवशी नरेश डब्लिनच्याच सँट्री भागातल्या गोदामात नोकरीवर, खोकी उतरवून घेत होता. तो असताना हरणारा संघ तो गेल्यावर जिंकू लागला, याचा आनंद मानावा की काय, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. मग खांद्याचं ऑपरेशन झालं. पहिल्या संघातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. आता तो बेचाळिशीचा होता आणि या उन्हाळ्यात त्याच्या हाती चेंडू जवळजवळ आलाच नव्हता. लोक मात्र अजून त्याला प्रोच म्हणत.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दर रविवारी फोनवर ते विचारत, "टाकतो नं अजून?" आणि नरेश म्हणे, "टाकतो नं बाबा."

सकाळी रेवती म्हणालीही होती, "शेनला मेसेज टाक ना. सिम्पल आहे, माझे बाबा येतायत, एक ओव्हर दे. ही इज अ नाइस फेलो."

"वशिल्याची ओव्हर घेऊ?"

"अरे, त्यात काय वशिला! तूच शिकवलंयस त्याला."

"म्हणूनच नाही मागणार," नरेश म्हणाला होता.

शेन म्हणजे तिसऱ्या संघाचा कप्तान. चेंडू बोटांत कसा धरायचा हे लहानपणी तो नरेशकडेच शिकला होता.

आणि आता बाबा खुर्ची काखेत धरून विचारत होते, कोणत्या बाजूनं. नरेशने मैदानाच्या कडेच्या झाडांकडे उगाच बोट दाखवलं. "त्या बाजूनं टाकीन." बाबा बरोबर त्याच्या समोरच्या टोकाला गेले, खुर्ची उघडली, मफलर नीट केला आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले.

क्लबाची फलंदाजी आधी झाली. नरेश दहाव्या क्रमांकावर गेला आणि नाबाद परतला, पण बाबांना त्यात रस नव्हता. चहाच्या वेळी कुणी तरी त्यांना सँडविच आणून दिलं, ते त्यांनी कागदात गुंडाळून नातीसाठी खिशात ठेवलं.

मग क्षेत्ररक्षण. शेनने नरेशला सीमारेषेवर उभं केलं, नेमकं बाबांच्या खुर्चीजवळ. एकेक गोलंदाज येत गेला. दर ओव्हर संपली की नरेश हात गोल फिरवायचा, बोटं मोडायचा, शेनच्या नजरेत यायचा प्रयत्न करायचा. त्याचा हात फिरला की मागे खुर्ची करकरे. बाबा पुढे सरसावून बसत. दुसराच कुणी चेंडू घेऊन जाई आणि खुर्ची पुन्हा करकरे. ती करकर नरेशला पाठीत टोचू लागली.

"राखून ठिवलं दिसते तुले," एकदा बाबा म्हणाले.

"हो बाबा. शेवटासाठी."

वारा सुटला होता. समोरच्या संघाला आता थोड्याच धावा हव्या होत्या. दोन ओव्हर उरल्या आणि कधीही न केलेली गोष्ट नरेशने केली. हात वर करून तो सीमारेषेवरून ओरडला, "शेन! आय कॅन बोल! दॅट एंड!"

शेनने वळून पाहिलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मागच्या वर्षी हाच खांदा धरून नरेश मैदानावर बसला होता, तेव्हा इस्पितळात त्याला शेननेच नेलं होतं. त्याने हसून अंगठा वर केला आणि वाऱ्यावरून त्याचा आवाज स्वच्छ आला. "आह नो, यू आर ग्रँड, प्रो! यू आर ग्रँड!"

आणि चेंडू त्याने दुसऱ्याकडे टाकला.

खुर्ची या वेळी करकरली नाही. मागून आवाज आला. "काय म्हने रे तो?"

नरेशने मान वळवली नाही. "ग्रँड म्हणाला, बाबा."

"मांगं तो कप्तान म्हनला होता, तेच?"

"तेच." नरेशने टोपी डोळ्यांवर ओढली. "म्हंजे, लय भारी. इथं उभं राह्यलं तरी पुरे म्हणते. माझ्या भीतीनं ते इकडं मारत नाहीत."

"असं," बाबा म्हणाले. "बरं झालं. मोठा मान हाये."

पुढच्या ओव्हरमध्ये क्लब सामना हरला.

खुर्चीतले ते म्हातारे नरेशचे वडील आहेत हे बॅगा भरताना शेनला कळलं. "दॅट्स युअर डा? जीझस, मॅन, व्हाय डिड्न्ट यू से?" त्याचा चेहरा लाल झाला. तो धावत जाऊन बाबांशी हात मिळवून आला, दोन्ही हातांनी. बाबांनी "थँक यू, थँक यू" म्हटलं. हरलेल्या कप्तानाची समजूत काढावी तशी त्याची पाठही थोपटली.

परतताना गाडीत बाबा एसटी डेपोतल्या जुन्या गोष्टी सांगत राहिले. इतकं तर ते एरवी महिन्याभरात बोलत नसत.

रेवतीने झुणका-भाकरी केली होती. दारातच तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताटं वाढायला घेतली. स्वानंदीला सुट्ट्या होत्या. गेले तीन आठवडे आईबाप कामावर गेले की आजोबा आणि ती दिवसभर एकत्र असायचे, ते तिला पत्त्यांतल्या लबाड्या शिकवायचे आणि ती त्यांना इंग्रजी. खिशातलं चेपलेलं सँडविच तिने आनंदाने घेतलं.

"बाबा, अजून अर्धी घ्या ना," रेवतीने भाकरी पुढे केली.

बाबांनी ताटावर आडवा हात धरला. "नको पोरी. यू आर ग्रँड."

स्वानंदी खदखदून हसली. "परफेक्ट, आजोबा! बाबा, आय टॉट हिम दॅट. फर्स्ट वीकमध्येच. ही केप्ट गिव्हिंग मी लाडू, अँड आय सेड यू आर ग्रँड, अँड ही वॉज सो हॅपी, ही गेव्ह मी टू मोअर!"

रेवतीही हसली. नरेशचा घास हातातच राहिला.

म्हणजे त्यांना मैदानावरच कळलं होतं. शब्दही कळला होता आणि आपण जे काही त्यावर रचून सांगितलं तेही. डेपोतल्या पेढ्यांचा हिशोब तर त्यांना तीन आठवड्यांपूर्वीच लागला असणार, आणि तरीही ते स्वेटर घालून खुर्ची घेऊन आले होते. नरेशला वाटलं, मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच असावं. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा ताटातला शेवटचा कण टिपत होते, मान खाली घालून, मुलाकडे मुद्दाम न पाहता.

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, दाराशी ठेवलेली घडीची खुर्ची उचलली आणि मागच्या अंगणात गेले. बाहेर अजून लख्ख उजेड होता. इथला उन्हाळ्यातला दिवस असा, की संपता संपत नाही. कुंपणाला पाठ लावून त्यांनी खुर्ची उघडली. शेजारी स्वानंदीचा टेनिसचा चेंडू पडला होता, तो उचलून नरेशकडे भिरकावला.

"टाक."

नरेश दारातच थांबला. "बाबा, ते मैदानावर मी..."

"ते राहू दे. टाक."

"खांदा वर जात नाही बाबा आता. सरळ टाकता येत नाही, हात वाकते."

"वाकू दे नं मंग," बाबा म्हणाले. "इथं कोन पंच उभा हाये? पयले टाकत होता तसाच टाक."

नरेश पायऱ्या उतरून अंगणात आला. किती तरी वर्षांनी त्याची बोटं चेंडूवर त्या जुन्या जागी जाऊन बसली. त्याने कोपर सैल सोडलं. समोर बाबांनी मफलर बाजूला केला, डावा, जुना डोळा तळहाताने झाकून घेतला आणि नव्या डोळ्याने ते पाहू लागले.