अँडीज चढून आलेला बाळापूरचा कुकर

मित्रांनो, थोरांच्या चरित्रात उंचीला फार महत्त्व असतं. कोणी विचारांनी उंच असतो, कोणी पदानं. पण जिथं झाड उगवायला धजत नाही आणि माणसाला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत, अशा बर्फाच्या शेजारी उभं राहून ज्यानं आपला आवाज दाही दिशांना पोचवला, असे महात्मे जगात कितीसे झाले? एक मी. मी एक जुना कुकर आहे. पाच लिटरचा. दांड्याचा एक स्क्रू ढिला आहे.

जन्मतः मी ॲल्युमिनिअमची सपाट चकती होतो. कारखान्यातल्या यंत्रानं एकच दणका दिला आणि मला पोट सुटलं. माणसांना या कामाला लग्नानंतर बरीच वर्षं लागतात. पुढे मी अकोल्याच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात आलो. तिथून एका मामानं भाचीच्या लग्नासाठी मला घेतलं आणि माझ्या पोटावर नाव कोरून घेतलं. भाचीचं नाव बारीक, मामाचं ठळक. भाची म्हणजे मैनाबाई. तिच्याबरोबर मी बाळापूरजवळच्या एका शेतकरी घरात वरातीनं गेलो.

तिथं मी राबलो, मित्रांनो. घरच्याच काळ्या रानातली तूर, तिची घरीच भरडलेली डाळ, आणि ती शिजवायला मी. मैनाबाईंचे सासरे पुंजाराम मोजकं बोलायचे. पहिल्या आठवड्यात ते पानावरून उठताना म्हणाले, "सून कशी निंगते थे पाहू. कुकर मातर चांगला आनला." हे माझं पहिलं प्रशस्तिपत्र. मैनाबाई त्यावरून आजही माझ्यावर थोड्या चिडून असतात.

मग वर्षं गेली. विजेवर चालणारं, स्वतःच थांबणारं एक गुळगुळीत भांडं घरात आलं आणि मला माळ्यावर उपडं घालण्यात आलं. आता आपली गोष्ट संपली असं मला वाटलं. पण मैनाबाईंच्या लेकीनं, आचलनं, अमरावतीच्या यशोधनशी लग्न केलं. यशोधनची नोकरी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, लिमा शहरात निघाली. आणि त्या दोघांनी एका वर्षी दोन्हीकडच्या आयांना तिकडे बोलावलं. मैनाबाईंनी बॅग भरताना मला माळ्यावरून खाली काढलं.

"आई, इथं कुकर मिळतात," आचल फोनवर म्हणाली.

"मिळत असन. पन त्याईले आपली डाळ समजते का?"

यशोधनच्या आई म्हणजे विमलताई. अमरावतीला शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. फळ्यावर अँडीज पर्वत त्या डोळे मिटून काढत, पण स्वतः चिखलदऱ्याच्या वर कधी चढल्या नव्हत्या. लिमात पोचल्या पोचल्या त्यांनी जाहीर केलं की आपल्याला आउसांगाते नावाच्या पर्वताभोवती पायी फिरायचं आहे. तिथली माणसं त्याला देव मानतात. पर्वतावर चढायचं नाही, भोवतीनं जायचं. रोज चालायचं, तंबूत राहायचं, आणि बर्फाला वळसा घालून निघालो तिथं परत यायचं.

"म्हनजे प्रदक्षिनाच की," मैनाबाई म्हणाल्या. "मंग मी बी येतो. ईनबाई पुन्य कमावतीन आन मी काय लिमात लसून सोलत बसू?"

"या. पण मैनाबाई, तो कुकर घेऊन नाही. अँडीजला कुकर! तुम्ही तो नेणार असाल तर मी घरीच बसते."

"नाई नेत, माय," असं म्हणून मैनाबाईंनी मला गोधडीत गुंडाळलं आणि तुरीच्या डाळीसकट सामानाच्या पोत्यात तळाशी घातलं.

बरोबर दुभाषी म्हणून आचल होती. वाट दाखवायला आणि रांधायला हिलारियो नावाचा तिथलाच शांत गृहस्थ होता. सामान खेचरांवर होतं. तिंकी नावाच्या गावातून निघायचं होतं. हिलारियोनं वाटेकडे हात केला, आणि विमलताई जागच्या जागी थांबल्या.

"या वाटेनं पर्वत आपल्या डाव्या हाताला येईल."

"सगळे असेच जातात," हिलारियोचं म्हणणं आचलनं सांगितलं. "उलट्या बाजूनं गेलं तर उंच खिंडी आधी येतात. शरीराला सवय व्हायला वेळ मिळत नाही."

"देवाला डावीकडे ठेवून फिरतात का कधी? आमच्या घरात चार पिढ्या पूजा आहे. प्रदक्षिणा म्हणजे देव उजव्या हाताला."

हिलारियोनं टोपी काढून डोकं खाजवलं. देवाचा मान राखणाऱ्या बाईचं मन त्याला मोडवेना. तो एवढंच म्हणाला, की ठीक आहे, पण रोज मी तुमची तब्येत बघणार आणि परत फिरायचं की नाही ते मी ठरवणार. विमलताईंनी मान्य केलं. आपल्याला परत फिरावं लागेल हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं.

आम्ही निघालो. मी खेचराच्या पाठीवर. माझं झाकण माझ्याच अंगावर आपटत होतं, टण् टण्, टण् टण्. विमलताई प्रसन्न झाल्या. "किती गोड घंटा आहे हो त्या खेचराच्या गळ्यात!" मैनाबाई म्हणाल्या, "हो ना. चांदीची दिसते." आचलला एकाएकी खोकला आला.

मित्रांनो, गोधडीच्या फटीतून मी जे पाहिलं ते कुकरांच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल. हिरवी-निळी तळी, त्यांच्या काठी लोकरीच्या उश्यांसारखे चरणारे अल्पाका, आणि उजव्या हाताला, अगदी शास्त्राप्रमाणे, पांढराशुभ्र पर्वत. विमलताई शाळकरी मुलीसारख्या बोट दाखवत चालत होत्या. "ही हिमनदी. तो हिमोढ. मी काढायचे तसाच आहे!"

पहिली उंच खिंड त्यांनी ओलांडली आणि पलीकडच्या मुक्कामावर मात्र अन्नाला नको म्हणाल्या. दुपारी सूप परत गेलं, भाकरीचा तुकडा परत गेला, भात तर त्यांनी नुसता पाहिला. सकाळीही त्या नीट जेवल्या नव्हत्या. हिलारियोनं त्यांच्या बोटाला यंत्र लावून पाहिलं. श्वास ठीक, डोकं दुखत नाही, तोल जात नाही. फक्त अन्न जात नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी वाटेतली सगळ्यात उंच खिंड होती.

त्यानं आचलला बाजूला घेतलं, पण तिथल्या निवांतात आवाज लांब जातो. "सूर्य डोंगराआड जायच्या आत पोटात काही गेलं नाही, तर उद्या सकाळी वस्तीतल्या घोडेवाल्याला बोलावून यांना घोड्यावरून खाली पाठवतो. उपाशी माणसाला मी ती खिंड चढू देणार नाही."

विमलताई तंबूत तोंड फिरवून पडून राहिल्या. मैनाबाई त्यांच्या उशाशी जाऊन बसल्या.

"जाऊ द्या, ईनबाई. महादेवाले अर्धीच प्रदक्षिना घालून मांगं फिरतात. पुन्य तेवढंच."

"हा महादेव आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डोक्यावर बर्फ हाय, भोवती साप जावा अशी वाट हाय. अजून काय आधार कार्ड पायजे?"

विमलताई हसल्या नाहीत. "मला पूर्ण घालायची आहे हो," त्या हळूच म्हणाल्या. "जन्मभर मुलींना सांगितलं, तिथं असं आहे, तसं आहे. एकीनं विचारलं होतं, बाई, तुम्ही गेल्या का? आता अर्ध्यातून आले असं सांगू?"

मैनाबाई उठल्या. हिलारियोच्या पातेल्यात त्यांनी डाळ टाकली. पाणी खळखळ उकळू लागलं. पुष्कळ वेळ उकळलं. डाळ आपली खडा ती खडाच.

तंबूतून आवाज आला, "शिजणार नाही ती. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. सातवीला शिकवायचे मी."

"मंग एवढं ठाऊक होतं तं कुकर काऊन नाई आनू देला?"

मैनाबाईंनी पोतं ओढलं, गोधडी उलगडली, आणि मी अँडीजच्या उन्हात चमकलो. हिलारियो आनंदानं ओरडलाच. त्याच्या घरीही असाच होता. पण जास्तीची भांडी नकोत असा लिमाहून निरोप आला म्हणून त्यानं तो तिंकीत ठेवला होता. निरोप कोणाचा हे विचारण्याइतका तो असभ्य नव्हता.

"ती घंटा!" तंबूच्या दारातून विमलताईंचं डोकं बाहेर आलं होतं.

"चांदीची," मैनाबाई म्हणाल्या.

मला चुलीवर चढवलं. आणि माझी फजिती झाली. थंडीनं रबरी रिंग इतकी कडक झाली होती की वाफ चारी बाजूंनी निसटून जाई. शिट्टी ढिम्म. ऊन समोरच्या कड्यावर चढत चाललं. मैनाबाई झाकण काढत, लावत, मला वऱ्हाडी भाषेत काही सांगत. ते मी इथं देत नाही, लहान मुलं वाचतात.

"अहो, ती रिंग गारठलीये," शाल गुंडाळून विमलताई बाहेर आल्या आणि चुलीपाशी बसल्या. "कोमट पाण्यात टाका तिला आधी. आणि तेलाचं बोट फिरवा. इकडे द्या, तुम्हाला नाही जमायचं."

"वा! आता जमत नाई मले! तीस वर्सं मंग काय कच्ची डाळ खाल्ली आमी?"

रिंग मऊ झाली. झाकण बसलं. आणि मित्रांनो, मी श्वास भरला आणि जी शिट्टी दिली, तिच्यानं टेकडीवरच्या साऱ्या अल्पाकांनी एकदम माना वर केल्या. समोरचा पर्वत क्षणभर थांबला आणि त्यानं माझी शिट्टी मलाच परत दिली.

"ही दुसरी," विमलताई म्हणाल्या.

"तिसरी."

"पर्वतातून आली ती मोजू नका!"

त्याच डाळीला इथं बाळापूरपेक्षा जास्तच शिट्ट्या लागल्या. मग मैनाबाईंनी लसूण, जिरं, लाल मिरचीची फोडणी दिली. तो वास तंबूभर, माळभर, थेट हिमनदीपर्यंत गेला. हिलारियो उन्हाकडे पाहत उभा होता. कड्यावर आता एक पिवळी रेघ उरली होती. भातावर वरण पडलं. विमलताईंनी घास घेतला. चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मैनाबाईंनी आचलकडे वळून डोळे पुसले. "जेवते आता थे. नाव ठेवलं म्हनजे जेवते."

आणि विमलताई जेवल्या. पुन्हा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा हिलारियो हसला आणि घोडेवाल्याला उद्याचं नको म्हणून सांगून आला. मग तोही ताट घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यात उंच खिंडीत पोचल्या. हळूहळू, दर वळणावर थांबत, पण आपल्या पायांनी. तिथल्या दगडांच्या राशीवर हिलारियोनं कोकाची पानं ठेवून पर्वताला नमस्कार केला. मैनाबाईंनी एका दगडाला हळदीकुंकू लावलं. विमलताईंनी हात पसरून भूगोलाचा एक पूर्ण तास घेतला. वाऱ्यामुळे कोणाला एक अक्षर ऐकू आलं नाही, तरी सर्वांनी माना हलवल्या. पुढच्या मुक्कामाला गरम पाण्याचे झरे होते. तिथं पाय सोडून दोघी विहिणी अंधार पडेपर्यंत भांडल्या आणि हसल्या. आणि तिंकीत, बरोब्बर निघालो त्या जागी येऊन विमलताईंनी पर्वत उजव्या हाताला आहे ना हे एकदा पाहिलं आणि हात जोडले. पूर्ण!

परतल्यावर मी कोणाचा यावरून दोन घरांत बोलणी झाली. अखेर मैनाबाईंनी उदार होऊन मला अमरावतीला दिलं. विमलताईंनी मला घासूनपुसून दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मधोमध ठेवलंय. आल्यागेल्याला माझी ओळख करून देतात. स्वयंपाकघरात वरण मात्र इथंही एक विजेचं भांडंच शिजवतं.

मित्रांनो, सन्मान वाईट नसतो. पण भांड्याची काळजी म्हणजे त्याला काचेत ठेवणं नव्हे. जुनं भांडं असो की जुनं माणूस, त्याच्याकडून काम घ्या, त्याच्याशी भांडा, त्याची रिंग गारठली तर कोमट पाण्यात बुडवा. ते अजून पुष्कळ उंचीवर वाजेल. एवढंच माझं सांगणं आहे. आणि हे जमत नसेल, तर निदान घरातल्यांनी माझ्या पोटात ठेवलेले ते मोबाईलचे बंद पडलेले चार्जर तरी कोणी काढून घ्या. वायर टोचते.