कट पडेपर्यंत

नळी खट्‌कन बंद झाली तसा शेठने हात वर केला आणि "बस!" असा ओरडला की पलीकडच्या रांगेतल्या स्कूटरवाल्यानेही दचकून मागे पाहिलं.

पंपावरच्या माणसाने नळी तशीच ठेवली. पिकअपच्या हौद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हलवून भरू का? कट पडला तरी तीन-चार लिटर आरामात बसतं. गाडी हलवली की टाकीतली हवा निघून जाते. लांब जाणारे ड्रायव्हर तसंच भरून घेतात."

"अजिबात नको. कट पडला की थांबायचं. आत्ताही, संध्याकाळीही. काय दाजी, बरोबर ना? नंतर वाद नको."

दाजी स्टिअरिंगवर बसले होते. त्यांनी आरशातून मागे पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले.

शेठने वाकून मीटरवरच्या किलोमीटरचा मोबाइलवर फोटो काढला. तो नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. मागच्या सीटवर ताई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दोघांनीही तिला आपापल्या बाजूची साक्षीदार समजून बरोबर घेतलं होतं, आणि तिने दोघांनाही तसं समजू दिलं होतं.

शेठ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. डोंगरावरच्या गावाबाहेर त्याचं दारं-खिडक्यांचं वर्कशॉप होतं, आणि ते चालायला लागल्यापासून सगळे त्याला शेठ म्हणत. एकटी ताई अजून बाळ्या म्हणायची. तिच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, सगळा जन्म दुसऱ्याचे मोठे ट्रक चालवण्यात काढला. शेवटच्या मालकाने धंदा गुंडाळला तेव्हा भावाने वर्कशॉपमागची खोली दिली, नवी कोरी पिकअप हातात दिली आणि म्हणाला, घरातलाच माणूस आहे, आता मला काळजी नाही. ते त्याने मनापासून म्हटलं होतं. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

वाद होता पंधराचा. कंपनीच्या चकचकीत कागदावर छापलं होतं, एका लिटरला पंधरा किलोमीटर. गाडी विकणाऱ्या पोराने तर छातीवर हात ठेवून सतरा सांगितलं होतं. दाजींच्या हातात ती अकरा देत होती.

"ते पंधरा गाडी रिकामी असताना," दाजींनी पहिल्यांदा समजावून सांगितलं होतं. "बंद खोलीत, रोलरवर फिरवून. ना चढ, ना वळण, ना मागे अर्धा टन लाकूड. वर तुम्ही हे रुंद टायर घातलेत, डोक्यावर लोखंडी पिंजरा बसवलाय. गाडी रुबाबदार दिसते, पण रुबाब डिझेल खातो, शेठ."

"म्हणजे कंपनी खोटं बोलते आणि तुम्ही खरं?"

हे शेठ हसत म्हणाला होता. दाजीही हसले होते. पण त्यानंतर शेठ चौकशी करायला लागला. कोणाच्या तरी मेव्हण्याची असलीच गाडी चौदा देत होती. कुठेतरी पाणी मुरतंय, असं शेठच्या बायकोने जेवताना म्हटलं, आणि ते भिंतीपलीकडे दाजींच्या खोलीत ऐकू गेलं. दाजींनी त्या दिवशी ताट अर्धवट सोडलं.

मग गाडी तेरा द्यायला लागली.

ताईला वाटलं, सुटलो. पण शेठने आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "मी बोललो आणि दोन किलोमीटर वाढले. मग आधी ते दोन कोण पीत होतं?" खरं बोलून चोर आणि आकडा वाढवून दिला तर जास्तच चोर, असा तो हिशोब होता. अखेर शेठनेच तोडगा काढला. रोजचाच माल, रोजचाच रस्ता, आणि तो स्वतः शेजारच्या सीटवर. पंधराच्या जवळपास आकडा आला तर त्याच्या तोंडून पुन्हा हा विषय निघणार नाही. नाही आला तर दाजींनी आपलं काय ते बघावं.

म्हणजे खोलीचंही बघावं. हे तो बोलला नाही, पण ताईला ऐकू आलं.

गाव मागे पडलं आणि उतार सुरू झाला. हौद्यात जाड लाकडी दारं दोराने करकचून बांधलेली होती, तरी प्रत्येक खड्ड्याला ती एकमेकांवर आपटत. परीक्षेच्या उत्साहात शेठ पहाटेच उठला होता. पहिल्या वळणापर्यंत तो डोळे ताणून डिझेलच्या काट्याकडे बघत राहिला आणि दुसऱ्या वळणाला त्याची मान खिडकीकडे कलंडली. लहानपणीही तो गाडीत असाच झोपायचा, तोंड उघडं टाकून. ताईने पुढे वाकून त्याच्या डोक्याखाली आपली ओढणी सारली.

ती पुन्हा मागे टेकली तेव्हा काहीतरी बदललं होतं. काय, ते तिला पटकन कळेना. वारा ऐकू येत होता. टायरचा आवाज येत होता, दारांची आदळआपट येत होती. इंजिनचा आवाज येत नव्हता.

तिने पुढे पाहिलं. गिअर मोकळा होता. दाजींचा हात किल्लीवरून नुकताच परत स्टिअरिंगवर येत होता.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती त्यांच्याबरोबर ट्रकमधून गेली होती. अशाच एका उतारावर एक ट्रक त्यांच्या शेजारून पुढे गेला, भुतासारखा, अजिबात आवाज न करता. दाजींनी तेव्हा त्याला दिलेली शिवी तिने त्याआधी कधी ऐकली नव्हती. मग त्यांनी तिला सांगितलं होतं, डिझेल वाचवायला काही जण उतारावर इंजिन बंद करतात. पण इंजिन बंद झालं की ब्रेकची ताकद जाते. पहिल्यांदा लागतो, दुसऱ्यांदा लागतो, मग पायाखाली दगड असल्यासारखा होतो. स्टिअरिंगही जड होतं. उताराच्या तळाशी पोचले तेव्हा त्यांनी एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या डोळ्यांवर धरला होता. बोटांच्या फटीतून तिला फक्त त्या ट्रकचं उलटं चाक दिसलं होतं.

आणि आज तेच.

पुढच्या वळणावर पाण्याचा टँकर वर येत होता, अर्धा यांच्या बाजूला सरकलेला. दाजींनी ब्रेक दाबला. गाडी जरा आखडली, पण थांबली नाही. त्यांनी पुन्हा दाबला आणि या वेळी ते सीटवरून अक्षरशः उठले. सगळं अंग त्या एका उजव्या पायावर टाकलं. मानेची शीर दोरीसारखी वर आली. टँकरचा आरसा ताईच्या खिडकीजवळून सूं करून गेला. मागची दारं एका बाजूला घसरून धाडकन आदळली.

दाजींनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

"पोचलो?" शेठने डोळे न उघडता विचारलं.

"नाही अजून," दाजी म्हणाले. "झोपा तुम्ही."

त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. गेला महिनाभर ते घरी येऊन उजवा पाय लांब करून बसत होते, आणि ती तेल लावून पोटरी चोळून देत होती. वय झालं आता, ती म्हणायची. हो, झालं, ते म्हणायचे. तेरा कुठून आलं ते तिला आता कळलं.

आरशात त्यांची नजर तिच्या नजरेला मिळाली. त्यांनी हळूच मान हलवली. बोलू नकोस. मग समोर सरळ, लांब उतार आला आणि त्यांचा हात पुन्हा किल्लीकडे गेला.

ताई रडली नाही. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला. तिला भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मरणाला न घाबरणारा आणि चोर म्हटलं की मरायला निघणारा हा माणूस तिच्या पदरी पडला होता.

शहरात माल उतरवला. गिऱ्हाइकाने दारं ठोकून पाहिली, एकाचा कोपरा फुटला म्हणून कुरकुर केली. परत येताना गाडी रिकामी होती आणि चढ होता. इंजिन बंद करायची सोय नव्हती. शेठ आता चांगला जागा होता आणि खुशीत होता.

"काटा बघितलास ताई? हलायला तयार नाही! दाजी, आज जमलं बरं का. हेच तर मी म्हणत होतो. मनावर घेतलं की होतं."

"हो," दाजी म्हणाले.

"आता रोज एवढं आलं की झालं. माझं काही म्हणणं नाही."

रोज. ताईने तो शब्द मनात उलटून पालटून पाहिला. भावाला सगळं सांगून टाकावं, असं तिला शहरात दोनदा वाटलं होतं. तो वाईट नव्हता. तो घाबरून म्हणाला असता, छे छे दाजी, इंजिन बंद नका करू. आणि मग म्हणाला असता, पण पंधरा आणा. आणि दाजींनी मुंडी हलवली असती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर त्याच हाताने किल्ली फिरवली असती. शेजारच्या सीटवर कोणी नसताना.

पंपावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. सकाळचा माणूस जाऊन दुसरा आला होता. शेठ उडी मारूनच उतरला.

"टाकी फुल करा. दाजी, कट पडेपर्यंत हं. मी आलोच तोंडावर पाणी मारून."

तो इमारतीमागे गेला. ताईही उतरली आणि नळी धरलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आकडे पळत होते. दहाच्या जरा पुढे गेले आणि नळी खट्‌कन बंद झाली. माणसाने हात मागे घेतला.

"थांबा," ताई म्हणाली. "हलवून भरा. लांब जायचंय आम्हाला."

"हलवणार कोण?"

ताईने पिशवी खाली ठेवली. हौद्याच्या कडेला दोन्ही तळवे लावले, खांदा टेकवला आणि गाडीला रेटा दिला. गाडी जेमतेम डुलली. तिने पाय रोवून पुन्हा रेटा दिला. टाकीच्या तोंडातून बुडबुड आवाज आला. माणसाने नळी थोडी थोडी सोडायला सुरुवात केली.

स्टिअरिंगवर बसलेल्या दाजींना गाडी हलल्याचं जाणवलं. त्यांनी बाहेरच्या आरशात पाहिलं. तिचा खांदा दिसला, सुटलेले केस दिसले. त्यांनी दार उघडलं, एक पाय खाली टाकला.

"अगं, काय करतेस हे?"

ताईने मान वर केली नाही. ती गाडीला रेटा देत राहिली.

दाजींनी पळत्या आकड्यांकडे पाहिलं. अकरा झाले. बारा झाले. ओरडून थांबवणं अगदी सोपं होतं, एका शब्दाचं काम. ते दाराला धरून तसेच उभे राहिले. चौदाला डिझेल तोंडाशी आलं आणि माणसाने नळी उचलली. ताईने पिशवी उचलली, केस बांधले.

शेठ रुमालाने तोंड पुसत आला. मोबाइलवर सकाळचा फोटो उघडला, मीटर पाहिलं, पंपावरचा आकडा पाहिला, भागाकार केला. मग पुन्हा केला. त्याच्या चेहऱ्यावरून पाणी अजून निथळत होतं.

"साडेदहा," तो म्हणाला.

मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"दाजी, मी शेजारी बसलो होतो तरी? कुठे आणि कधी? शहरात माल उतरवताना?" तो खरोखरच दुखावला होता. "आता मी काय समजू, तुम्हीच सांगा."

दाजींनी किल्ली काढली. तिच्या कडीत वर्कशॉपची किल्लीही अडकवलेली होती. दोन्ही त्यांनी शेठच्या हातावर ठेवल्या.

"आम्ही बसने येतो, बाळ्या," ताई म्हणाली. "सामान उद्या हलवू."

"ताई, मी तुला काही बोललो का?"

"नाही बोललास." ती गेली नाही, तिथेच उभी राहिली. "एक ऐक. नवा ड्रायव्हर ठेवशील त्याच्याकडे पंधरा मागू नकोस. ही गाडी अकराच देते."

"तुला काय कळतं त्यातलं?" शेठ म्हणाला आणि गाडीत बसला. निघताना त्याने आरशातही पाहिलं नाही.

बसथांब्याला बाक होता, त्याची एक फळी तुटलेली. दाजी उरलेल्या फळीवर बसले.

"साडेचौदा आलं असतं आज," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणूनच."

"चोर ठरवलंस मला."

"हो," ताई म्हणाली.

ती त्यांच्या पायाशी खाली फरशीवर बसली, उजवा पाय ओढून मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागली. येणारे-जाणारे बघत होते. दाजींनी पाय मागे घेतला. तिने तो पुन्हा ओढला. या वेळी त्यांनी राहू दिला, आणि चेहरा दुसरीकडे वळवून बस कुठून येते ते बघत बसले.