क्लाइव्ह ऑग्डेनची हाळी

गार्थविक गावात क्लाइव्ह ऑग्डेनला हाक मारायला नाव लागत नसे. तो खाटकाच्या दुकानात शिरला की गिऱ्हाइकं नुसता उजवा हात वर करायची आणि फिदीफिदी हसायची.

गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची, गावच्या फुटबॉल क्लबच्या मोसमातल्या शेवटच्या सामन्याची. बचावफळी क्लाइव्हच्या हुकमतीत. त्याने "पुढे!" म्हणून हाळी द्यायची, चौघांनी एकदम पुढे सरकायचं, की समोरचा गडी मागे एकटा पडून ऑफसाइड ठरतो, त्याचा गोल धरत नाहीत. त्या दिवशी तो ठरला नाही. गोल झाला, क्लब खालच्या श्रेणीत गेला आणि पेपरात फोटो आला क्लाइव्हचा. हात वर, तोंड उघडं.

हाळी वेळेवर गेली होती. जागचा हलला नाही तो त्या चौघांतला तरणा गडी रे टनिक्लिफ, आदल्या रात्रीची उतरली नव्हती म्हणून. सामन्यानंतर न्हाणीघरात तो लहान मुलासारखा रडला. पुढच्याच आठवड्यात त्याचा करार व्हायचा होता, बायकोला जुळं होणार होतं. क्लाइव्ह पस्तिशीचा, गुडघा कामातून गेलेला. देवासारखा माणूस! तो सगळ्यांना म्हणाला, "हाळी द्यायला मलाच उशीर झाला." रेने आईची शपथ घेतली, "मी खेळ सोडून बूट टांगले की चारचौघांत खरं सांगीन."

रेने बूट टांगूनही पंधरा वर्षं झाली. आता रेडिओवर त्याचा आवाज, आणि आज क्लबच्या मानाच्या भिंतीवर त्याचं नाव. क्लाइव्ह दर शनिवारी त्याच क्लबात सामन्याआधी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांच्या टेबलांवर तो फजितीचा किस्सा रंगवून सांगायचा. क्लबने दिलेली नोकरीच ती. आज मात्र तो कडक इस्त्रीचा सूट घालून, जिवाचा कान करून रेचं भाषण ऐकत होता. आज तरी सांगेल.

"आणि हा आपला क्लाइव्ह!" रे म्हणाला. "मंडळी, याची हाळी अजून वाटेतच आहे!"

सगळा हॉल हसून लोटपोट झाला.

क्लाइव्हने त्याला दाराशी गाठलं. "रे, आईची शपथ घेतली होतीस तू."

"अरे लेका, अजून तेच धरून बसलायस?" रेने त्याच्या पाठीवर थाप मारली. "लोकांना आवडतो तो किस्सा. तुझी भाकरीच आहे त्याच्यावर. खरं सांगितलं तर दर शनिवारी सांगशील काय?"

क्लाइव्ह तडक सहा नंबरच्या टेबलाशी गेला आणि त्याने उभ्या उभ्या सगळं खरं सांगून टाकलं. दारू, रडणं, शपथ, सगळं. विटांचा व्यापारी जेफ्री हातातला काटा खाली ठेवत म्हणाला, "हे काही बरं नाही हं, क्लाइव्ह. तो बिचारा तुझी एवढी प्रेमाने थट्टा करतो, आणि तू त्याच्याच मानाच्या दिवशी त्याच्यावर ढकलतोस? इतकी वर्षं तुझ्याच तोंडून ऐकलंय की आम्ही!"

व्यवस्था पाहणारी मॉरीन लगबगीने आली, त्याच्या कोपराला धरून हळूच म्हणाली, "राजा, पाहुणे खिन्न झाले की. नेहमीचाच सांग ना."

क्लाइव्हने घसा खाकरला आणि नेहमीचाच सांगितला. तो असा रंगला की शेजारच्या टेबलांनीही खुर्च्या वळवल्या. सगळ्यांत आधी हसला तो दारात उभा असलेला रे.